राज्याचा कायदा, पालिकेची नोटीस आणि आपली सोसायटी: इमारत सुरक्षेचे काम प्रथमच हाती घेणाऱ्यांसाठी

सोसायटीचा सचिव म्हणून माझी निवड झाली तेव्हा आमच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरण्याची परवानगी देणारा दाखला, मिळून तीस वर्षे उलटली होती, आणि पहिल्याच महिन्यात महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाची स्ट्रक्चरल ऑडिटची, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीची, नोटीस हातात पडली. त्याच आठवड्यात अग्निशमन विभागाचे एक पत्र आले आणि लिफ्टच्या तपासणीचे शुल्क थकल्याची आठवणही झाली. ही तिन्ही कामे ‘पालिकेची’ आहेत अशा समजुतीने मी तिन्ही कागद एकाच खिडकीवर नेले आणि त्यांपैकी दोन परत घेऊन आलो. पुढचे दीड वर्ष हा गुंता सोडवण्यात गेले. महाराष्ट्रात नियम करण्याचे काम मुख्यतः राज्य शासन करते आणि त्यांची अंमलबजावणी स्थानिक संस्था करते, पण या दोघांमधून कागद इकडून तिकडे नेण्याचे काम प्रत्यक्षात सोसायटीलाच करावे लागते. हे काम नव्याने हाती घेणाऱ्या सचिवांना आणि समिती सदस्यांना माझ्याइतक्या फेऱ्या माराव्या लागू नयेत, म्हणून हे टिपण क्रमवार लिहिले आहे.

१. कोणता अधिकार कोणाकडे आहे ते आधी ठरवा

संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येतील अशा विषयांची यादी आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या या यादीत ‘इमारतींच्या बांधकामाचे नियमन’ आणि ‘अग्निशमन सेवा’ हे दोन्ही विषय आहेत. मात्र त्यांतला किती अधिकार प्रत्यक्ष सोपवायचा हे राज्याचे विधिमंडळ ठरवते. त्यामुळे पालिका जे काही करते ते राज्याच्या एखाद्या कायद्याच्या आधारे करते, आणि तुमच्या हातातील नोटीस कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे हे पाहणे ही खरी पहिली पायरी ठरते.

बांधकामाची परवानगी आणि विनापरवाना बांधकामावरील कारवाई यांचे मूळ महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये आहे. इमारत कशी असावी, जिना किती रुंद असावा, समोर किती मोकळी जागा सोडावी, यांसाठी बृहन्मुंबईत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ लागू आहे, तर काही अपवाद वगळता उर्वरित राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत नियमावली लागू आहे. त्यापूर्वी जवळजवळ प्रत्येक शहराची नियमावली निराळी होती. म्हणून तुमच्या इमारतीचा नकाशा जुन्या नियमांनुसार मंजूर झालेला असेल, तर तो आजच्या नियमांशी ताडून घाबरून जाऊ नका.

धोकादायक इमारतींबाबतचे अधिकार मात्र स्थानिक संस्थेच्या स्वतःच्या कायद्यात आहेत. मुंबईत १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमातील कलम ३५३-ब स्ट्रक्चरल ऑडिटसाठी आणि कलम ३५४ धोकादायक बांधकामासाठी आहे. इतर महापालिकांत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २६५-अ आणि कलम २६४ ही त्यांची भावंडे आहेत. नगरपरिषदांसाठी १९६५ चा वेगळा अधिनियम आहे. तुम्ही पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणासारख्या एखाद्या प्राधिकरणाच्या हद्दीत असाल, तर बांधकाम परवानगीची फाइल त्या प्राधिकरणाकडे असते आणि घरपट्टी मात्र ग्रामपंचायत घेत असते. घरपट्टी घेणारी संस्थाच परवानगी देते, हा नवख्यांचा सर्वांत मोठा गैरसमज आहे.

मुंबई शहरातील जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारतींचा मामला आणखी निराळा आहे. त्यांच्या दुरुस्तीचे व पुनर्रचनेचे काम म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे आहे. तेथे राहणाऱ्यांनी पालिकेकडे जाण्याआधी मंडळाकडे चौकशी करावी.

२. इमारतीचे वय कागदावरून मोजा

‘आमची इमारत नव्वदच्या आसपासची आहे’ हे वाक्य कोणत्याही कार्यालयात उपयोगाचे नाही. पालिका कायद्यांप्रमाणे तीस वर्षांची मुदत बांधकाम पूर्णत्वाच्या दाखल्यापासून, भोगवटा परवानगीपासून किंवा किमान निम्म्या बांधीव क्षेत्राचा प्रत्यक्ष ताबा घेतल्यापासून, यांपैकी जे आधी घडले असेल त्या दिवसापासून मोजली जाते. मुदत संपल्यावर वर्षभरात पालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल अभियंत्याचे स्थैर्य प्रमाणपत्र सादर करावे लागते आणि त्यानंतर दर दहा वर्षांनी ते पुन्हा द्यावे लागते. आयुक्तांना वाटल्यास ते त्याआधीही मागू शकतात. प्रमाणपत्र देण्यात कसूर झाल्यास पंचवीस हजार रुपये किंवा इमारतीच्या वार्षिक मालमत्ता कराइतकी रक्कम, यांपैकी जी जास्त असेल तेवढ्या दंडाचा इशारा महापालिकांच्या नोटिशीत दिलेला असतो.

येथे बहुतेक सोसायट्या एक चूक करतात. ही तीस वर्षांची अट म्हणजे एकमेव घड्याळ आहे असे त्या मानतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये दुसरे घड्याळ आहे: इमारत पंधरा ते तीस वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांहून जुनी असेल तर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावे लागते. पहिले घड्याळ नगरविकास विभागाच्या अखत्यारीतील कायद्यांत आहे, तर दुसरे सहकार विभागाच्या. पालिकेचा अभियंता तुम्हाला उपविधींची आठवण करून देणार नाही आणि सहकार विभागाचे उपनिबंधक कार्यालय पालिकेच्या मुदतीबद्दल विचारणार नाही. दोन्ही तारखा समितीने स्वतःच्या वहीत लिहून ठेवायच्या असतात.

वयाच्या अटीवर विसंबण्यात आणखी एक धोका आहे. महाडमध्ये २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळलेली पाच मजली इमारत तीस वर्षांच्या जवळपासही पोहोचलेली नव्हती, आणि त्या दुर्घटनेत सोळा जणांचा जीव गेला. मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळलेली अनधिकृत इमारत तर अजून बांधली जात होती; तेथे चौऱ्याहत्तर माणसे दगावली. तेव्हा इमारत नवी असली तरी कॉलमवर उभ्या भेगा, सळ्या उघड्या पडणे, दारे अचानक अडकू लागणे अशी लक्षणे दिसताच वयाचा हिशेब बाजूला ठेवावा. ताबा मिळून पाच वर्षे झाली नसतील आणि प्रकल्प स्थावर संपदा कायद्याखाली येत असेल, तर संरचनेतील दोष विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारी विकासकावर आहे. त्यासाठी लेखी तक्रार करावी आणि दाद न मिळाल्यास महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाकडे, जावे.

३. फाइल तयार करा

या पायरीला मला सर्वाधिक वेळ लागला, कारण आमच्या आधीच्या समितीने कागद तीन वेगवेगळ्या घरांत ठेवले होते. पुढील कागदांच्या मूळ प्रती एका जागी ठेवाव्यात आणि प्रत्येकाच्या निदान चार छायाप्रती काढाव्यात.

- बांधकाम परवानगी, मंजूर नकाशे आणि भोगवटा प्रमाणपत्र
- मूळ स्ट्रक्चरल आराखडे, म्हणजे कॉलम, बीम व पायाची रेखाचित्रे
- सोसायटीचे नोंदणी प्रमाणपत्र, मंजूर उपविधी आणि समितीच्या निवडणुकीचा ठराव
- अभिहस्तांतरण (जमीन व इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे होणे) झाले असल्यास त्याचा दस्त, तसेच मालमत्ता पत्रक किंवा सातबारा
- मालमत्ता कराची अलीकडची पावती
- पूर्वीचे ऑडिट अहवाल आणि दुरुस्तीची बिले
- अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला व त्यानंतरची प्रमाणपत्रे
- लिफ्टचा परवाना आणि तपासणीचे अहवाल

मूळ स्ट्रक्चरल आराखडे बहुतेकांकडे नसतात. विकासक हयात असेल तर त्याच्याकडे, नाहीतर नगररचना विभागाच्या अभिलेख कक्षात ते मागावेत. तोंडी विचारून मिळाले नाहीत तर माहितीचा अधिकार वापरावा. महाराष्ट्रात अर्जासोबत दहा रुपयांचे कोर्ट फी मुद्रांक पुरते, उत्तराची मुदत तीस दिवस असते, आणि अर्ज एकाच विषयाशी संबंधित व दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. मी पहिल्या अर्जात नकाशे, अग्निशमन दाखला आणि शेजारच्या बांधकामाची चौकशी असे तीन विषय एकत्र लिहिले होते आणि अर्ज तसाच परत आला. प्रत्येक कार्यालयाकडे वेगळा अर्ज करावा.

भोगवटा प्रमाणपत्रच नाही अशी कितीतरी घरे राज्यात आहेत. त्यांनी ऑडिट पुढे ढकलू नये. भोगवटा नसणे हा नियमिततेचा प्रश्न आहे आणि कॉलमची ताकद हा जिवाचा, आणि प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीलाही धोकादायक ठरवण्याचा अधिकार पालिकेला आहेच.

४. ऑडिटर निवडताना

पालिकेच्या यादीवर नोंद असलेलाच स्ट्रक्चरल अभियंता नेमावा, आणि नोंदणी आजच्या तारखेला चालू आहे याची प्रत त्याच्याकडून मागून घ्यावी. ओळखीतला वास्तुविशारद किंवा ठेकेदार कितीही अनुभवी असला तरी त्याचा अहवाल प्रभाग कार्यालय स्वीकारत नाही. नेमणूक व्यवस्थापक समितीच्या किंवा सर्वसाधारण सभेच्या ठरावाने करावी आणि नेमणूकपत्रात कामाची व्याप्ती लिहावी. केवळ ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ असे दोन शब्द लिहिले तर जिना, गच्ची आणि दोन भेगांची छायाचित्रे असलेला आठ पानांचा अहवाल हाती येतो.

व्याप्तीत निदान पुढील बाबी असाव्यात. सर्व सदनिकांची आतून पाहणी झाली पाहिजे, कारण स्वच्छतागृहातील गळती बाहेरून दिसत नाही आणि सळ्यांना गंज बहुधा तेथूनच लागतो. काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा रिबाउंड हॅमरने तपासावा, आतील पोकळी व भेगा अल्ट्रासॉनिक चाचणीने पाहाव्यात, सळ्या गंजण्याची शक्यता हाफ सेल चाचणीने अजमावावी आणि कार्बोनेशन, म्हणजे हवेतील कार्बन डायऑक्साइडचा काँक्रीटवर होणारा परिणाम, किती खोल गेले आहे ते मोजावे. शंका असेल तेथे काँक्रीटचा नमुना काढून त्याची दाबशक्ती प्रयोगशाळेत तपासून घ्यावी. चाचणीच्या जागा नकाशावर दाखवायला सांगावे. नाहीतर दहा वर्षांनी येणाऱ्या अभियंत्याला तुलना करण्यासाठी काहीच मिळत नाही.

इमारतीवर मूळ आराखड्यात नसलेला भार किती वाढला आहे, याची नोंद ऑडिटरकडून आग्रहाने करून घ्यावी. आमच्या गच्चीवर गळती थांबवण्यासाठी तीस वर्षांत तीन वेळा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर, केला होता, आणि प्रत्येक वेळी जुना न काढता त्यावरच नवा घातला होता. तीन थरांचे ते ओझे वरच्या मजल्याच्या स्लॅबवर होते आणि त्याच्याविषयी कोणालाही काही वाटले नव्हते. जादा पाण्याची टाकी, मोबाइलचा मनोरा, बंद केलेल्या बाल्कनी आणि तोडलेल्या भिंती यांचाही हिशेब यात यावा. ज्यांनी घरातील भिंती काढल्या आहेत ते सभासद पाहणीच्या दिवशी नेमके बाहेरगावी जातात. त्यांना लेखी सूचना द्यावी आणि पाहणी न झालेल्या सदनिकांची यादी अहवालाला जोडायला सांगावी.

५. अहवालातील वर्ग नीट समजून घ्या

राज्याच्या नगरविकास विभागाने २०१५ मध्ये धोकादायक इमारतींची चार वर्गांत विभागणी ठरवून दिली आणि महापालिका पावसाळ्यापूर्वी याच वर्गांनुसार याद्या प्रसिद्ध करतात. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, तातडीने रिकामी करून पाडावयाची इमारत. सी-२ए म्हणजे रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती करावयाची. सी-२बी म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती करावयाची. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची.

राज्याने निकष ठरवला आणि पालिकेने तो लावायचा, अशी ही व्यवस्था कागदावर चांगली आहे. व्यवहारात मधला दुवा म्हणजे तुमचा ऑडिटर, आणि त्याने शब्द सैल वापरले की सगळे अडते. आमच्या पहिल्या अहवालात शेवटच्या पानावर ‘इमारत सी-२ वर्गात मोडते’ एवढेच होते. ‘ए’ की ‘बी’ हे प्रभाग कार्यालयाने पत्राने विचारले, ते पत्र आम्ही ऑडिटरला दिले, त्याने खुलासा दिला, आणि या एका अक्षरासाठी सहा आठवडे गेले. त्या सहा आठवड्यांत अर्ध्या इमारतीने घर सोडावे लागणार असे गृहीत धरून भाड्याची घरे शोधायला सुरुवात केली होती. म्हणून अहवालाचा मसुदा आधी मागवून त्यात वर्ग, कारण, तात्पुरते टेकू लावण्याची गरज आणि दुरुस्तीची मुदत स्पष्ट आहे ना हे पाहूनच स्वाक्षरीची प्रत स्वीकारावी.

अहवाल पटला नाही तर दुसऱ्या नोंदणीकृत अभियंत्याकडून ऑडिट करून घेता येते. दोन अहवाल परस्परविरोधी आले, तर अनेक महापालिकांत तांत्रिक सल्लागार समितीकडे प्रकरण जाते आणि तिचे मत निर्णायक मानले जाते. मात्र पुनर्विकास हवा म्हणून मुद्दाम ‘सी-१’ लिहून घेण्याचा, किंवा तो नको म्हणून ‘सी-३’ लिहून घेण्याचा मोह टाळावा. असे दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत. पहिल्यात भाडेकरू न्यायालयात गेले, आणि दुसऱ्यात दोन पावसाळ्यांनंतर जिन्याचा भाग खाली आला.

अहवाल सादर करताना मूळ प्रत प्रभाग कार्यालयात द्यावी, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा, आणि एक प्रत उपनिबंधक कार्यालयालाही माहितीसाठी पाठवावी. ती प्रत कोणी मागणार नाही. दुरुस्तीच्या खर्चावरून एखादा सभासद तक्रार घेऊन उपनिबंधकांकडे गेला, तर तिचा उपयोग कळतो.

६. दुरुस्ती, परवानगी आणि पैसा

गिलावा, रंग, फरशी, नळ बदलणे अशा कामांना सर्वसाधारणपणे बांधकाम परवानगी लागत नाही. कॉलमला जॅकेटिंग करणे (त्याभोवती नवा थर चढवून तो मजबूत करणे), स्लॅब नव्याने टाकणे अशा संरचनेला हात लावणाऱ्या कामांसाठी मात्र नगररचना किंवा बांधकाम विभागाला लेखी कळवून, परवानगी लागते का याचे उत्तर लेखीच घ्यावे. ‘तुम्हालाच नोटीस दिली आहे, मग वेगळी परवानगी कशाला’ असे प्रभाग कार्यालयात तोंडी सांगितले जाते. पुढे तपासणीला नगररचना विभागाचा माणूस आला की त्याला हे तोंडी उत्तर दाखवता येत नाही. प्रभाग कार्यालय आणि नगररचना विभाग एकाच इमारतीत असले तरी त्यांच्या फाइली एकमेकींना भेटत नाहीत.

खर्चासाठी आदर्श उपविधींमध्ये दोन निधी आहेत. दुरुस्ती व देखभाल निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी, म्हणजे पुनर्बांधणी किंवा मोठ्या दुरुस्तीच्या राखीव निधीसाठी, किमान ०.२५ टक्के दरवर्षी गोळा करावयाचे असतात. बांधकाम खर्च तीस वर्षांपूर्वीचा धरला तर ही रक्कम हास्यास्पद वाटते, आणि ती तशीच असते. तेव्हा सर्वसाधारण सभेत वाढीव वर्गणीचा ठराव आधीच करावा, निविदा मागवून तुलनात्मक तक्ता इतिवृत्ताला जोडावा, आणि ठेकेदाराचे प्रत्येक देयक ऑडिटरच्या मोजमापानंतरच द्यावे. काम संपल्यावर त्याच अभियंत्याकडून स्थैर्य प्रमाणपत्र घेऊन ते पालिकेला सादर केल्याशिवाय नोटिशीचा विषय बंद होत नाही. आमच्या शेजारच्या सोसायटीने दुरुस्ती उत्तम केली, प्रमाणपत्र मात्र दिले नाही, आणि पुढच्या वर्षी तिचे नाव धोकादायक इमारतींच्या यादीत जसेच्या तसे छापून आले.

७. आगीपासून संरक्षण

राज्य आणि स्थानिक संस्था एकत्र कशा काम करतात हे येथे सर्वांत स्वच्छ दिसते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा राज्याचा कायदा डिसेंबर २००८ पासून लागू आहे. यंत्रणा बसवणाऱ्या व तिची देखभाल करणाऱ्या एजन्सींना परवाना राज्याचे अग्निशमन सेवा संचालनालय देते. इमारतींची तपासणी, त्रुटींची नोटीस आणि पुढील कारवाई महापालिकेचे मुख्य अग्निशमन अधिकारी करतात. यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मात्र मालक किंवा भोगवटादाराची, म्हणजे आपली आहे.

यंत्रणा बसवल्यावर एजन्सी नमुना ‘अ’ मध्ये प्रमाणपत्र देते. त्यानंतर दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे नमुना ‘ब’ मधील प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन अग्निशमन विभागाकडे सादर करावे लागते. एजन्सीचा परवाना संपलेला असेल तर ते प्रमाणपत्र निरर्थक ठरते. आमच्या बाबतीत तसेच घडले. एजन्सीने आपला कालबाह्य परवाना क्रमांक बिनदिक्कत छापला होता आणि आम्ही तो न तपासता कागद पुढे दिला होता. परवान्याची प्रत दरवेळी मागावी आणि तारीख वाचावी.

प्रमाणपत्र आले म्हणजे यंत्रणा चालते असे समजू नये. तपासणीच्या दिवशी समितीतील दोघांनी एजन्सीबरोबर फिरावे. गच्चीवरच्या अग्निशमन टाकीत पाणी आहे का, सर्वांत वरच्या मजल्यावरच्या हायड्रंटला (आग विझवण्याच्या पाण्याच्या नळाला) दाब येतो का, होजपाइप जागेवर आहे की कोणी गाडी धुण्यासाठी नेला आहे, हे प्रत्यक्ष पाहावे. अग्निशमन पंपाचा वीजपुरवठा मुख्य स्विचच्या आधीपासून स्वतंत्र घेतलेला आहे का, हे विचारायला विसरू नये. आग लागल्यावर जवान पहिल्यांदा इमारतीची वीज तोडतात, आणि पंप त्याच वाहिनीवर असेल तर तोही बंद पडतो. आमचा तसाच होता. दोन प्रमाणपत्रांवर ‘सुस्थितीत’ असा शेरा होता आणि पंप खरोखर सुस्थितीत होताही, फक्त आगीच्या वेळी तो चालला नसता.

जिन्यात ठेवलेली चपलांची कपाटे, सायकली, जुने फर्निचर आणि गच्चीच्या दाराला लावलेले कुलूप या गोष्टींसाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही; त्या आजच हलवता येतात. या विषयावर सभेत जितके भांडण होते तितके दुरुस्तीच्या लाखो रुपयांवरही होत नाही, याची मानसिक तयारी ठेवावी.

८. लिफ्ट

लिफ्ट पालिकेच्या अखत्यारीत येत नाही. २०१७ च्या राज्याच्या उद्वाहन, सरकते जिने व चलत पथ अधिनियमाखाली तिचा परवाना आणि तपासणी ऊर्जा विभागातील विद्युत निरीक्षण यंत्रणेकडे आहे. तपासणी वर्षातून एकदा होते. देखभाल कंपनीबरोबरचा करार म्हणजे शासकीय तपासणी नव्हे. दोन्ही कागद वेगळे ठेवावेत.

९. दोन कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवू लागली तर

हे घडतेच. त्यावर माझा उपाय एवढाच की एकच पत्र दोन्ही कार्यालयांना संबोधून लिहावे आणि दोन्हीकडे आवक क्रमांक घ्यावा. पत्रात नोटिशीचा जावक क्रमांक, कलम, आपण केलेली कार्यवाही आणि नेमका प्रश्न, एवढेच असावे. ‘या बाबतीत सक्षम अधिकारी कोण, हे कृपया लेखी कळवावे’ हे वाक्य मी नंतर प्रत्येक पत्रात वापरू लागलो. त्याचे उत्तर देणे टाळता येते, पण ते फार काळ टाळता येत नाही.

भोगवटा प्रमाणपत्र, अग्निशमन ना हरकत दाखला यांसारख्या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित आहेत. प्रत्येक सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी आणि मुदत ठरलेली असते व ती कार्यालयाच्या फलकावर लावलेली असावी लागते. मुदत उलटल्यास त्याच संस्थेतील वरिष्ठांकडे प्रथम अपील, नंतर द्वितीय अपील आणि शेवटी राज्य लोकसेवा हक्क आयोग असा मार्ग आहे. स्थानिक कार्यालयातील विलंबाची दाद राज्याच्या आयोगाकडे मागता येते, हे फार थोड्या सचिवांना ठाऊक असते. मात्र अर्ज परिपूर्ण असेल तरच मुदतीचा मुद्दा टिकतो, म्हणून तिसऱ्या पायरीतली फाइल येथे पुन्हा उपयोगी पडते.

दलाल येथेच भेटतात. कार्यालयाच्या दारात ‘सगळे करून देतो’ म्हणणाऱ्या माणसाला मूळ कागद कधीही देऊ नयेत. आमच्या एका सभासदाने उत्साहात मंजूर नकाशाची एकमेव प्रत अशा माणसाच्या हाती दिली होती, आणि ती परत मिळवायला चार महिने लागले.

१०. इमारत रिकामी करण्याची नोटीस आली तर

सी-१ किंवा सी-२ए वर्ग ठरल्यावर पालिका रहिवाशांना बाहेर पडण्याची नोटीस देते. दाद न दिल्यास पाणी व वीज तोडली जाते आणि पोलिसांची मदतही घेतली जाते. येथे पालिका, पोलीस, वीज कंपनी आणि आवश्यक तेथे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण अशी चार यंत्रणांची साखळी हलते. या टप्प्यावर वेळ काढण्यासाठी पत्रव्यवहार करणे जिवावर बेतू शकते. हरकत असेल तर ती घराबाहेर पडूनही घेता येते.

बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येक सदनिकेचे व गाळ्याचे मोजमाप पालिकेच्या प्रतिनिधीसमक्ष करून घ्यावे, त्याची सही असलेला तक्ता मिळवावा, आणि मालक, भाडेकरू व प्रत्यक्ष राहणारे यांची नावे त्यात वेगवेगळी लिहावीत. इमारत पाडल्यानंतर पुनर्बांधणीत कोणाला किती जागा मिळायची या वादात हा तक्ताच पुरावा ठरतो. ताबा सोडताना ‘हक्क अबाधित ठेवून ताबा देत आहोत’ असा उल्लेख असलेले पत्र देऊन त्याची पोच घ्यावी. सदनिकांची आतून-बाहेरून, तारीख दिसेल अशी छायाचित्रे काढावीत आणि तक्त्याची एक प्रत सोसायटीच्या दप्तरात, एक प्रत्येक सभासदाकडे आणि एक वकिलाकडे ठेवावी. सोसायटीचे दप्तर इमारतीतच कुलूपबंद करून सगळे बाहेर पडले, असेही घडलेले आहे. तेव्हा दप्तराची पेटी सर्वांत आधी खाली आणावी.